कुरवाच्या चोचीवरचा थेंब

भिगवणला उजनीच्या पाण्यात नाव शिरली आणि डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा घिरट्या घालू लागला, की कुणीतरी हमखास विचारतं, "हे तर सीगल! समुद्राचे पक्षी इथे कसे?" शंका रास्त आहे. घोळ आहे तो नावात. 'सीगल' अशी एक जात पक्षिशास्त्रात नाहीच. गल पक्ष्यांच्या पन्नासेक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जातींचं घर समुद्रापासून कोसो दूर असतं. आपल्या मराठीत या पक्ष्याला कुरव म्हणतात. त्या नावात समुद्र कुठेच येत नाही.

तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर दिसतो, तसाच उजनीवरही. त्याची वीण मात्र लडाख-तिबेटच्या पठारावर, तळ्यांच्या काठी होते. त्यातलं त्सो मोरिरी साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. सगळ्याच हिवाळी पक्ष्यांना सरसकट 'सायबेरियाचे पाहुणे' म्हणण्याची जी रीत पडली आहे, ती निदान या कुरवापुरती तरी सोडायला हवी.

मग हाच पक्षी किनाऱ्यावर आल्यावर खारं पाणी पचवतो कसा? मला या पक्ष्याचं वेड लागलं ते इथेच.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. आपल्या लघवीतून जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेर पडू शकतं. म्हणजे एक लिटर समुद्राचं पाणी प्यायलो, तर त्यातलं मीठ टाकायला दीड लिटरहून जास्त पाणी खर्च होणार. तहान भागायची राहिली बाजूला, शरीर आणखी सुकणार. पक्ष्यांची मूत्रपिंडं तर या कामात आपल्याहूनही कमजोर.

पण कुरवाच्या कवटीत, दोन्ही डोळ्यांच्या वर, खाचेत बसलेली एकेक मीठग्रंथी असते. तिच्यात असंख्य बारीक नळ्या असतात. नळीच्या भिंतीतल्या पेशी ऊर्जा खर्च करून रक्तातलं मीठ नळीत ढकलतात. नळीतला द्रव एका दिशेने वाहतो आणि तिला बिलगलेल्या केशवाहिनीतलं रक्त नेमकं उलट दिशेने. त्यामुळे द्रव जिथे सर्वांत खारट झालेला असतो, तिथे त्याच्या शेजारी नुकतंच आलेलं, मिठाने भरलेलं रक्त असतं. दोन्हींतली तफावत शक्य तितकी कमी राहते आणि पेशींना चढ सोपा जातो. शेवटी तयार होतो सुमारे पाच टक्के मिठाचा द्रव, समुद्राहून खारट. तो नाकपुडीतून चोचीच्या टोकाशी येतो आणि थेंब थेंब गळतो. पक्ष्याला सर्दी झालेली नसते, तो रडतही नसतो.

1950च्या दशकात शास्त्रज्ञ कनूट श्मिट-नील्सन यांनी एका कुरवाला त्याच्या वजनाच्या जवळपास दहाव्या हिश्श्याइतकं समुद्राचं पाणी पाजलं. तीन तासांत त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ बाहेर पडलं होतं.

याचा अर्थ नावेतून मूठ मूठ फरसाण उधळायला हरकत नाही, असा कुणी काढू नये. त्यात पुण्यही नाही. ग्रंथी मीठ काढते, तळणीचं तेल नाही.

आता भिगवणची शंका. बदकांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, की खारं पाणी मिळू लागलं की ही ग्रंथी काही दिवसांत वाढते आणि गोड्या पाण्यावर ती आक्रसते. कुरवाजवळही तेच यंत्र आहे. भीमेच्या गोड्या पाण्यावर त्याला ते फारसं चालवावंच लागत नाही.