माध्यमसक्ती

शाळेत कोणत्या भाषेतून शिकवायचे हे मुलांना किंवा पालकांना न विचारता सरकारने ठरवणे आणि ती भाषा वर्गावर लादणे म्हणजे माध्यमसक्ती. एखादी भाषा विषय म्हणून शिकणे वेगळे आणि तिच्यातून गणित शिकणे वेगळे. वादात या दोहोंची गल्लत हमखास होते.

या सक्तीविरुद्धचा सर्वांत गाजलेला विद्यार्थी-लढा दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोचा (जोहान्सबर्गलगतची कृष्णवर्णीयांची वस्ती). वर्णद्वेषी सरकारने १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीयांच्या शाळा आपल्या मुठीत घेतल्या होत्या. १९७४ च्या आदेशाने निम्मे विषय, त्यांत गणित आणि समाजशास्त्रही, आफ्रिकान्समधून शिकवणे बंधनकारक झाले. ती गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा. अनेक शिक्षकांनाच ती धड येत नव्हती. १९७६ मध्ये सोवेटोतल्या ऑरलँडो वेस्टच्या मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. १६ जूनला हजारो विद्यार्थी गणवेशातच मोर्चाने निघाले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मारल्या गेलेल्या हेक्टर पीटरसन या शाळकरी पोराला हातांवर घेऊन धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र जगभर गेले. सरकारी हिशेबात मृत १७६. इतर अंदाज कितीतरी मोठे. जुलैत आदेश मागे घेतला गेला, तोवर लोण देशभर पसरले होते. १६ जून आता तिथे युवा दिन असतो.

ग्रामीण विदर्भात सोवेटोसारखी जुलमी राजवट नाही. पण आदिवासी पाड्यांत न कळणारी भाषा बहुधा मराठीच असते, हे मराठी वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही. मेळघाटातली कोरकू भाषा मुंडा कुळातली, भामरागडची माडिया द्राविडी. मराठीशी दोहोंचे गोत्र जुळत नाही. तेंदूच्या हंगामात सत्तर पानांचे पुडके बिनचूक बांधणारे पोर वर्गात ‘हातचा’ या शब्दाशी अडते आणि मठ्ठ ठरते. घोषणा कोणी देत नाही. पटावर नाव राहते, पोर मोहफुले वेचायला जाते.

कायदा खरे तर पोराच्या बाजूचा आहे. घटनेचे कलम ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते, २००९ चा शिक्षण हक्क कायदाही तेच म्हणतो, फक्त ‘शक्य असेल तितपत’ अशी पुस्ती जोडून. सगळे घोडे त्या पुस्तीपाशी अडते. धानोरा तालुक्यातल्या (जि. गडचिरोली) मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच उघडली. २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत असल्याची नोटीस बजावली आणि ग्रामसभेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली.