नोड : गाठ, पेर आणि उलवे

नवी मुंबईच्या उलव्यातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘उलवे नोड’ असं ठळक छापलेलं असतं. वाशीत हा शब्द आता फारसा कुणाच्या तोंडी नाही. वाशीकर सेक्टर सांगून मोकळा होतो. शहर एकच, तरी शब्द खाडीच्या एका अंगाला चलनात आणि दुसऱ्या अंगाला निवृत्त.

मूळ लॅटिन ‘नोडस’, म्हणजे गाठ. दोरीच्या गाठीला इंग्रजीत रोज वापरतात तो ‘नॉट’ वेगळ्या, जर्मानिक घराण्यातला. ‘नोड’ आला तो शास्त्राच्या वहीतून, आणि त्यात वैद्यकातली सूज किंवा गाठ हा जुना अर्थ. ‘लिम्फ नोड’ तिथलाच. मराठीत त्याला लसिका ग्रंथी म्हणतात, पण रिपोर्ट हातात पडला की घरात उच्चार होतो तो ‘गाठ’ असाच आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. खरं तर या गाठी तुमच्या-आमच्या अंगात शेकड्यांनी असतात.

खगोलात चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या भासमान मार्गाला, जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे नोड. आपल्याकडे ते पात, अर्थात राहू आणि केतू. पंचांगात ग्रहांच्या पंगतीला बसलेले हे दोघे प्रत्यक्षात नुसते छेदनबिंदू आहेत. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे अमावस्या-पौर्णिमा या बिंदूंजवळ पडली तरच ग्रहण लागतं. भौतिकशास्त्रात स्थिर तरंगातली न हलणारी जागा म्हणजे नोड. तिला मराठी पाठ्यपुस्तकाने ‘निस्पंद’ असा सुरेख शब्द दिला. संगणकाच्या जाळ्यातला नोड सर्वांच्या ओळखीचा. सरकारी परिपत्रकातला ‘नोडल अधिकारी’ही त्याच गोत्रातला, जरी त्याच्यापाशी धागे जुळतात की गुंता होतो हा प्रश्न वेगळा.

वनस्पतीशास्त्रातला नोड पाहायला रसवंतीवर उभं राहावं. चरकात ऊस सरकतो, घुंगरू वाजत राहतात आणि पेर आलं की रोळ जरासा अडतो, करकरतो. पेर टणक, रस कमी. पण डोळा, म्हणजे नवा कोंब फुटतो ती जागा, असते ती पेरापाशीच. लागवडीसाठी कापलेल्या तुकड्यावर, बेण्याच्या टिपरीवर, डोळा नसेल तर नुसतं कांडं कितीही रसाळ असो, मातीत कुजून जातं.

हा शब्द नवी मुंबईच्या कागदांवर आला तो १९७० नंतर. शहर वसवायला स्थापन झालेल्या सिडको या महामंडळाने १९७३च्या विकास आराखड्यात एका मोठ्या शहराऐवजी वाहतुकीच्या मार्गांवर ओवलेली अनेक केंद्रं कल्पिली. ‘उपनगर’ म्हटलं की मुख्य शहराची शेपटी आली, आणि रोज सकाळी सगळ्यांनी दक्षिणेकडे लोंबकळत जायचं, हा मुंबईचा रोग तर टाळायचा होता. रेल्वे, बस आणि रस्ता जिथे एकत्र येतील तिथे घरं, बाजार, शाळा, नोकऱ्या, म्हणून नोड. कल्पना उत्तम होती. पण मुंबईशी जोडणारा खाडीपूल १९७३ला झाला आणि वाशीला लोकल पोचली १९९२ला. जवळजवळ वीस वर्षं गाठ तयार आणि दोरीचा पत्ता नाही. ठाण्याहून वाशीला थेट लोकल यायला तर २००४ उजाडलं.

यापेक्षा वादाची गोष्ट नावांची. वाशी, सानपाडा, नेरूळ, घणसोली, ऐरोली, खारघर ही सगळी मुळात गावं, आगरी-कोळ्यांची. भातशेती आणि मिठागरं संपादित झाली, गावठाणं तेवढी राहिली. गावाचं नाव मात्र नोडला गेलं आणि ज्याचं नाव होतं त्याला शेपूट लागलं : वाशी गाव, नेरूळ गाव, बेलापूर गाव. आराखड्यातले रुंद रस्ते, सेक्टरची आखणी, गटारं गावठाणाच्या वेशीपर्यंत आली आणि थांबली. कुटुंबं वाढली तशी वेशीबाहेर घरं उठली. कागदोपत्री ती अतिक्रमण, गावकऱ्यांच्या भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. नियोजनकारांची बाजू अशी की गावठाणाला हात न लावणं हाच गावाचा मान होता. असेल. पण गाठ मारताना तिथला सर्वात जुना धागाच बाहेर राहिला, हे नकाशा उघडला तरी दिसतं.

जमिनीच्या मोबदल्यासाठीचं आंदोलन जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई-दास्तान फाट्यावर पेटलं. गोळीबारात पाच जण गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना उभी राहिली : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत. त्यामुळे ‘साडेबारा टक्के’ हेच इथे नाम झालं. ‘आमचा साडेबारा टक्के अजून सुटला नाही’ हे वाक्य बाहेरच्याला कळणार नाही, उरण-पनवेलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

१९९२ पासून ऐरोली ते बेलापूर हा पट्टा नवी मुंबई महापालिकेकडे आला आणि तिथे नोडच्या जागी प्रभाग, वॉर्ड, सेक्टर बोलले जाऊ लागले. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ला पनवेल महापालिकेत गेले, तिथे नोड आणि प्रभाग हे दोन्ही शब्द सध्या शेजारी नांदतात. उलवे आणि द्रोणागिरी महापालिकांबाहेर उरले, म्हणून शब्दही तिथे उरला. उलव्यातल्या खारकोपरला लोकल २०१८ला आली, म्हणजे तिथेही आधी नोड आणि मग दोरी.

नेरूळ स्टेशनबाहेर रिक्षात बसून ‘नेरूळ’ एवढंच म्हटलं तर रिक्षावाला मीटर टाकत नाही. मागे वळून विचारतो, ‘गावात की सेक्टरला?’