रामरक्षा पाठ आहे, मग संस्कृत का येत नाही?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. सोलापुरात नर्सिंग झालेल्या मुलामुलींनाही आता जर्मन शिकायची आहे आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: अख्खे धडे पाठ केले तर भाषा येईल का? घरची मोठी माणसं म्हणतात, पाठ कर, आपोआप जमेल. वर्गात सांगतात, घोकंपट्टी नको. दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या पाठांतराबद्दल बोलत असतात.

बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखीच. कुणीतरी कोपऱ्यात बसून तेच तेच मोठ्याने म्हणतंय. पण एक पाठांतर मजकूर जपण्यासाठी असतं आणि दुसरं त्या मजकुरातून भाषा काढून घेण्यासाठी.

जपण्याच्या पाठांतराचं सर्वांत कडक रूप म्हणजे वेदांचा घनपाठ. त्यात शब्द असे म्हणतात: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून तोच क्रम. एवढी उलटापालट कशासाठी? एकही अक्षर, एकही स्वर हलू नये म्हणून. कुराण मुखोद्गत करणारे हाफिज सहा हजारांहून जास्त आयती हृदयात ठेवतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना अरबीत गप्पा मारता येत नाहीत. यात कमीपणा काहीच नाही. त्या पाठांतराचं ते कामच नाही, आणि जे काम आहे ते ही माणसं जीव ओतून करतात.

आता रामरक्षेकडे या. आपल्याकडे कितीतरी घरांत तिन्हीसांजेला मुलं ती घडाघडा म्हणतात. ‘शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः’, म्हणजे राघव माझ्या डोक्याचं रक्षण करो, दशरथाचा पुत्र कपाळाचं. पुढे येतं ‘कौसल्येयो दृशौ पातु’. मग स्कन्धौ, भुजौ, करौ. डोकं एक, कपाळ एक, तिथे शब्दाचं रूप वेगळं. डोळे, खांदे, बाहू, हात दोन-दोन, तिथे सगळीकडे शेवटी ‘औ’. संस्कृतचं द्विवचन, जे शाळेत तक्त्यातून रटताना नकोसं होतं, ते इथे स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शिकता येतं. पण बहुतेकांच्या ते कधी लक्षातच येत नाही, कारण रामरक्षा म्हणताना आपण कुठे थांबत नाही आणि काही बदलून पाहत नाही. स्तोत्रात बदल करू नये हे बरोबरच आहे. पण त्यातला ‘पातु’ उचलून ‘रामः मम गृहं पातु’ असं स्वतःचं एक वाक्य केलंत, तर त्या क्षणी तुम्ही दुसऱ्या पाठांतरात शिरलात. मजकूर तोच, वापर बदलला.

जर्मनमध्ये हे असं दिसतं. समजा धड्यात वाक्य आहे, ‘इश वार्टे आउफ देन बुस’, मी बसची वाट बघतोय. मराठीतून शब्द जुळवत गेलं तर हा ‘आउफ’ हमखास राहून जातो, कारण आपल्या वाक्यात त्याच्या जोडीचं काही नाही. वाक्य पाठ असेल तर तो जिभेवर आपसूक येतो. इथवर घोकंपट्टीही पोचवते. त्यापुढे बसच्या जागी डॉक्टर घाला: ‘आउफ देन आर्त्स्ट’. नर्स घाला: ‘आउफ दी ष्वेस्टर’. ‘ष्वेस्टर’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘देन’चं ‘दी’ झालं. मग कालची गोष्ट सांगा: ‘गेस्टर्न हाबे इश आउफ देन आर्त्स्ट गेवार्टेट’. ‘काल’ पुढे आल्याबरोबर ‘हाबे’ त्याच्या पाठीला पाठ लावून आला, ‘मी’ त्याच्या मागे गेला आणि मुख्य क्रियापद थेट शेवटी. घनपाठात शब्द हलवतात ते वाक्य पक्कं बांधण्यासाठी. इथे हलवायचे ते वाक्य मोकळं करण्यासाठी.

अख्खी पुस्तकं पाठ करून भाषा शिकणाऱ्यांत हाइनरिश श्लीमानचं (१८२२–१८९०) नाव नेहमी निघतं. ट्रॉयचं उत्खनन करणारा तोच. तरुणपणी ॲम्स्टरडॅममध्ये नोकरी करताना त्याने दोन इंग्रजी कादंबऱ्या तोंडपाठ केल्या आणि सहा महिन्यांत इंग्रजी शिकलो असं लिहून ठेवलं. स्वतःबद्दल तो फुगवून सांगायचा हे अभ्यासकांनी दाखवलं आहे, तेव्हा सहा महिने हा आकडा मनाला लावून घेऊ नका. पण त्याच्या पद्धतीतला जो भाग लोक गाळतात तोच मला मोलाचा वाटतो. तो रोज आवडीच्या विषयावर स्वतः निबंध लिहायचा, शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि तो दुरुस्त निबंध पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. म्हणजे कादंबऱ्यांबरोबर स्वतःचीच वाक्यं, शुद्ध करून, तो तोंडात बसवत होता. रशियन शिकताना तर त्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन एक ऐकणारा ठेवला होता. त्या माणसाला रशियनचा एक शब्दही कळत नव्हता.

सगळ्यांनाच पाठांतराची गरज असते असंही नाही. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू शेजाऱ्यांमध्ये वाढलेलं मराठी मूल धडे पाठ न करता तेलुगू उचलतं. अक्कलकोटकडे कानडीचं तसंच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथल्या लोकांत काम करता करता चिनी शिकले. जर्मन बोलणारा शेजारी मात्र आपल्या पेठेत सापडत नाही. ती उणीव काही अंशी पाठ केलेला मजकूर भरून काढतो, म्हणून इथे बसून शिकणाऱ्याला मी पाठांतर सोडू नको असंच सांगेन.

मजकूर निवडताना कविता नको. तिच्यात शब्दांचा क्रम छंदासाठी हललेला असतो. ध्वनिमुद्रण मिळतं असा छोटा संवाद घ्या: दवाखान्यातला, दुकानातला. आधी भरपूर ऐका, अर्थ लावा, मगच पाठ करा. नाहीतर मराठी हेल पक्का बसतो आणि नंतर सुटता सुटत नाही.

जर्मनच्या बी-टू, म्हणजे मध्यमाहून वरच्या पातळीच्या तोंडी परीक्षेत छोटं भाषण असतं आणि जोडीदाराबरोबर चर्चाही. नुसतं घोकलेलं असेल तर भाषण निभतं, पण मध्येच प्रश्न आला की गाडी अडते आणि मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. म्हणून संवाद पाठ झाला की घरातल्या कुणालातरी समोर बसवा आणि वाटेल तिथे तोडायला सांगा. ‘कुणाची वाट बघतेस? कधीपासून?’ असं त्यांनी मराठीत विचारलं तरी चालेल, उत्तर तुम्ही जर्मनमध्ये द्या.