खांब नाहीत, मग गोल घुमटाचं वजन जातं कुठे?

विजापूरच्या गोल घुमटाचे रील सारखे फिरत असतात आणि दर वेळी तेच, "एकही खांब नाही, जगातला दोन नंबरचा घुमट, आजच्या इंजिनियरनाही कोडं सुटलेलं नाही". पहिली गोष्ट खरी, बाकी दोन नाहीत. रोमचं पॅन्थिऑन, तिथलंच सेंट पीटर्स आणि फ्लॉरेन्सचं कॅथेड्रल, तिन्हींचे घुमट आतून याच्यापेक्षा मोठे आहेत. आणि कोडं कसलं, शुद्ध भूमिती आहे, आणि ती इतकी देखणी आहे की ती सोडून लोक नंबर का लावत बसतात हेच मला कळत नाही.

ही मोहम्मद आदिलशहाची कबर, म्हणजे आपले शहाजीराजे ज्याच्या चाकरीत होते तो. १६५६ मध्ये तो वारला. आत एकच दालन, साधारण ४१ मीटर लांब आणि तेवढंच रुंद, आणि त्यावर आतून जवळपास ३८ मीटर व्यासाचा घुमट.

आता चौकोनावर गोल बसवायचा कसा? कागदावर एक चौकोन काढा, तेवढाच दुसरा ४५ अंशात फिरवून त्याच्यावर काढा. आठ टोकांची चांदणी झाली ना, आणि मधे अष्टकोन उरला. ही चांदणी दालनात अशी बसवा की आठही टोकं भिंतींना टेकतील, प्रत्येक भिंतीला दोन, आणि प्रत्येक रेघेच्या जागी एक उंच टोकदार कमान उभी करा. या आठ कमानी एकमेकींना छेदतात, त्यांच्या मधल्या जागा भरत बांधकाम वर जाताना आत आत झुकत येतं आणि शेवटी मधे एक गोल तोंड उरतं.

पण खरी गंमत पुढे आहे, घुमट त्या तोंडाच्या काठावर उभाच नाही! तो तीनेक मीटर मागे, भिंतींच्या जवळ सरकवलाय, त्यामुळे त्याचं वजन बरंचसं थेट भिंतींत उतरतं. विटा-चुन्याचा एवढा जाड घुमट तळाशी बाहेरच्या बाजूला फाकू बघतो, भिंतींना बाहेर ढकलतो, आणि आत झुकलेल्या त्या अवजड बांधकामाचा कल नेमका उलट, आतल्या बाजूला. दोन्ही एकमेकांना बरंचसं तोलून धरतात. खांबांची गरजच उरली नाही.

आणि मागे सरकल्यामुळे जो सज्जा सुटला तीच ती कुजबुजणारी गॅलरी. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोललं, नुसता कागद चुरगळला, तरी आवाज गोल भिंतीला धरून सरकत जातो, मधे फार पसरत नाही, म्हणून समोरच्या माणसाला स्वच्छ ऐकू येतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमधल्या अशाच गॅलरीवरून लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने हे समजावलं होतं. इथे टाळी सात-दहा वेळा घुमते म्हणतात, ते प्रतिध्वनी वेगळे. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे ३८ मीटर जाऊन परत यायला ०.२२ सेकंद, आणि कानाला दोन आवाज वेगळे कळायला साधारण ०.१ सेकंद पुरतात, म्हणून प्रत्येक फेरी सुटी ऐकू येते. सात वेळा की दहा वेळा, हे गर्दी किती आणि टाळी किती जोरात यावर ठरतं, त्या आकड्यात दैवी काही नाही.

जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, शाळेच्या सहली आल्या की फक्त किंचाळ्या ऐकू येतात. आणि गॅलरीकडे नेणाऱ्या मनोऱ्याच्या जिन्याकडे पळण्याआधी खालीच थडग्याच्या चौथऱ्यापाशी थांबून वर बघा, कमानी एकमेकींना कुठे कापतात ते तिथूनच नीट दिसतं.