भाऊ, भाव काय लावलाय?

परवा मंडईत मटार घेत होतो, शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी गाळ्यावरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, भाव काय लावलाय?" हे वाक्य रोज कानावर पडतं पण त्या दिवशी ते अडकलंच, आणि घरी पोचेपर्यंत मी भाऊ-भाव, भाऊ-भाव पुटपुटत होतो. तुम्ही पण म्हणून बघा. दोन्ही शब्दांत तोंड काय करतं? आधी भ, मग आ साठी जबडा खाली येतो, मग ओठ गोल होतात आणि जिभेचा मागचा भाग वर जातो. दोन्हीकडे तेच. तरी भाऊ म्हणताना दोन टाळ्या वाजतात, भा-ऊ, आणि भाव एका टाळीत संपतो. गाई आणि गाय, माई आणि माय, देऊ आणि देव, सगळीकडे हाच प्रकार.

ह्या य आणि व ला अर्धस्वर म्हणतात. नावावरून वाटतं की स्वर मधोमध कापला की झाला अर्धस्वर, पण मला ते नाव फारसं पटत नाही, त्यापेक्षा आपल्या व्याकरणातलं अंतःस्थ हे नाव जास्त बरोबर वाटतं, म्हणजे मध्ये उभा असलेला, स्वर आणि व्यंजन ह्यांच्या मध्ये. ई म्हणताना जीभ टाळूच्या जवळ जाऊन थांबते, गाणारा माणूस त्यावर दम संपेपर्यंत सूर धरू शकतो. आता य धरून बघा बरं. धरता येत नाही, एकतर त्याचा ईईई होतो नाहीतर याऽऽ होऊन आ लांबतो. कारण जीभ टाळूपाशी जाते आणि लगेच तिथून निघते, ते निघणं हाच य.

मग बाकीच्या व्यंजनांपेक्षा हे वेगळे कसे? प म्हणताना ओठ पूर्ण मिटतात, हवा अडते आणि मग सुटते. स म्हणताना वाट इतकी अरुंद होते की हवा घासून जाते, तो घासण्याचा आवाज आपण स म्हणून ऐकतो. य-व मध्ये हवा अडतही नाही आणि घासतही नाही. जुन्या संस्कृत व्याकरणकारांनी ह्याची पायरीच लावलीय, क ते म पर्यंतची स्पर्श व्यंजनं स्पृष्ट, अंतःस्थ ईषत्स्पृष्ट म्हणजे जरासा स्पर्श झालेले, आणि स्वर विवृत, म्हणजे उघडे. आणि ही पायरी घसरते सुद्धा! य म्हणताना जीभ जरा जास्त चिकटली की ज होतो, यात्रेची जत्रा झाली आणि योग्याचा जोगी झाला तो असाच. व चं हिंदीत तेच झालं, ओठ मिटले आणि ब आला, बीस, बिजली, बिच्छू. मराठीने मात्र वीस, वीज, विंचू असा व सांभाळून ठेवला.

आता भाऊ-भाव मधला फरक डोळ्यांनी पण बघता येतो. प्राट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं, त्यात मोबाईलवर रेकॉर्ड केलेला शब्द टाकला की आवाजाचं चित्र दिसतं ज्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात स्वरांच्या आडव्या काळ्या पट्ट्या दिसतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात, आणि जीभ कुठे आहे ते मुख्यतः खालच्या दोन पट्ट्यांवरून कळतं. बेल लॅब्जमध्ये पीटरसन आणि बार्नी ह्यांनी अमेरिकन माणसांचे स्वर मोजून १९५२ साली आकडे छापले, त्यात पुरुषांच्या आवाजात दुसरी पट्टी आ सारख्या स्वराला सरासरी १०९० हर्ट्झवर होती, ई ला २२९० वर आणि ऊ ला ८७० वर. म्हणजे आ कडून ई कडे जाताना पट्टीला केवढा चढ चढावा लागतो बघा. म्हणून मी गाई आणि गाय हीच जोडी घेतली. गाई मध्ये ती पट्टी चढते आणि वर पोचल्यावर सपाट चालत राहते, गाय मध्ये चढते आणि चढता चढताच शब्द संपतो. वरचा तो सपाट तुकडा असला तर स्वर, नुसता चढ असला तर य. बायकोला बोलावून दाखवलं, तिने पण स्वतःच्या आवाजात करून बघितलं, आकडे वेगळे पण आकार तोच.

ह्यावर न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबोरेटरीत केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली तो छापला. त्यांच्याकडे एक यंत्र होतं, पारदर्शक पट्ट्यावर ब्रशने फॉर्मंट रंगवायचे आणि यंत्र प्रकाशाच्या मदतीने ते चित्र वाचून त्याचा आवाज करायचं. त्यांनी सुरुवातीचा चढ फक्त कमी-जास्त वेळेचा रंगवला, बाकी चढ कुठून कुठे जातो ते तसंच ठेवलं. चढ साधारण ४० मिलिसेकंदांपर्यंत असला की लोकांना बे ऐकू यायचं. त्याहून लांबला की वे. आणि साधारण १५० च्या पुढे गेला की उ-ए, म्हणजे सरळ दोन स्वर. व्यंजन, अर्धस्वर, स्वर, तिन्ही एकाच रेषेवर, फरक फक्त वेळेचा, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपासचा! तसंच गे, ये, इ-ए. पुढे १९७९ साली मिलर आणि लिबरमन ह्यांनी दाखवलं की ही सीमा पण पक्की नसते, चढापुढचा स्वर लांब असेल म्हणजे बोलणारा सावकाश बोलतोय असं वाटलं की कान व ऐकायला जास्त लांब चढ मागतो. म्हणजे कान नुसतं घड्याळ लावून मोजत नाही, समोरच्याच्या बोलण्याची लय धरून मोजतो.

आणि हे सगळं वाचताना पाणिनीचं "इको यणचि" आठवल्याशिवाय राहत नाही. इ, उ, ऋ, ऌ च्या पुढे वेगळा स्वर आला की त्यांचे य, व, र, ल होतात. प्रति अधिक एक प्रत्येक, सु अधिक आगत स्वागत. पुढच्या स्वराकडे जायची घाई असली की इ ला थांबायला वेळच मिळत नाही, मग तो य होतो. उलटं पण होतं, वक्ता पण उक्ती, स्वप्न पण सुप्त. र आणि ल ह्या यादीत कसे असा प्रश्न पडतो कारण आपण ऋ चा उच्चार आता रु करतो, कृपा म्हणजे क्रुपा, त्यामुळे तो स्वर होता हेच कानाला पटत नाही. पण चेक भाषेत लांडग्याला व्ल्क म्हणतात, त्यात ल च स्वराचं काम करतो, आणि हा शब्द आपल्या संस्कृतातल्या वृक चा सख्खा भाऊबंद आहे.

ह्या सगळ्याचा उपयोग काय विचाराल तर आमच्या शेजारच्या सोसायटीच्या गेटवर दोन पाट्या आहेत, "येथे गाडी लावू नये" आणि "परवानगीशिवाय आत येवू नये". पहिली बरोबर, दुसरी चूक, आणि मला ती रोज खुपते. पण लिहिणाऱ्याचा कान चुकलेला नाही, ए कडून ऊ कडे जाताना ओठ गोल होतातच आणि मध्ये हलकासा व येतोच, रेडिओ आणि रेडियो बोलताना वेगळे करता येत नाहीत तसंच. म्हणून इथे कानाला न विचारता धातूला विचारायचं. लाव, ठेव, जेव, धाव ह्यांच्यात व आधीपासूनच आहे म्हणून लावू, ठेवून, जेवून, धावून. ये, जा, दे, घे ह्यांच्यात नाही, म्हणून येऊ, जाऊन, देऊन, घेऊन. वॉचमनकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले पुढच्या वेळी रंगवताना बदलू, आणि बदलू मध्ये व नाही हे त्यांनीच बोटाने हवेत लिहून दाखवलं.