शंभर टक्के निकालाचं गणित

‘यंदाही निकाल १०० टक्के!’ असा फलक शाळेच्या दारावर दिसला की मी आधी विचारतो, परीक्षेला बसले किती? प्रश्न खवचट वाटतो, आणि आहेच. पण त्यामागे गणितातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट दडलेली आहे, तेव्हा जरा सोसा.

समजा, एका माध्यमिक शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याची पास होण्याची शक्यता ९५ टक्के आहे आणि परीक्षेला बसलेत २० जण. झाडून सगळे पास व्हायचे तर ०.९५ हा आकडा वीस वेळा मांडून गुणाकार करायचा. उत्तर येतं ०.३६. म्हणजे साधारण दर तीन वर्षांत एकदा, विशेष काही न करता, फलक लागणार. आता मोठी शाळा घ्या. तिथलं शिकवणं खरोखरच सरस, पास होण्याची शक्यता ९९ टक्के, पण बसलेत ३०० जण. शंभर टक्के निकालाची शक्यता? जेमतेम ५ टक्के, वीस वर्षांतून एकदा. ही मोठी शाळाही ९५ टक्केवालीच असती तर एक कोटी वर्षांत दोनदा! (एका वर्गातल्या मुलांचे निकाल एकमेकांपासून अगदी स्वतंत्र नसतात, म्हणून खरे आकडे थोडे वेगळे येतील. गोष्ट मात्र तीच राहते.)

पास-नापास सोडून सरासरी गुण पाहिले तरी सुटका नाही. एकेका विद्यार्थ्याच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात याचं माप) १५ असेल, तर शाळेच्या सरासरीचं प्रमाण विचलन मिळवायला १५ ला विद्यार्थिसंख्येच्या वर्गमुळाने भागायचं. २५ मुलं असतील तर १५ भागिले ५, म्हणजे ३ गुण. ४०० मुलं असतील तर १५ भागिले २०, म्हणजे पाऊण गुण. हे वर्गमुळाचं नातं अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवलं होतं. शिक्षक तेच, फळा तोच, तरी छोट्या शाळेची सरासरी दरवर्षी चौपट हेलकावे खाते. म्हणून गुणवत्ता यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळांची गर्दी दिसते. खालच्या टोकालाही दिसते, पण तिकडे कोणी बघत नाही.

हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वर्लिंग या संशोधकांनी बघितलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांपैकी सर्वाधिक गुणांच्या ५० शाळांमध्ये, आकाराने सर्वांत लहान ५० शाळांपैकी ६ होत्या. निव्वळ योगायोगाने एखाद-दोनच यायला हव्या होत्या. तळाच्या ५० मध्ये मात्र त्यांच्यापैकी ९ निघाल्या. त्याच सुमारास गेट्स फाउंडेशन छोट्या शाळांवर प्रचंड पैसा ओतत होतं. न्याय म्हणून सांगायला हवं की न्यूयॉर्कमध्ये सोडतीने छोट्या माध्यमिक शाळांत गेलेल्या मुलांचा पुढे फायदा झालेला दिसला. पण तो कळला चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून, यादीचं टोक पाहून नव्हे.

याच हेलकाव्यांतून दुसरी फसगत होते. निकाल फार घसरला की पुढच्या वर्षी तो बहुधा सावरतोच. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हे सरासरीकडे परतणं मोजलं होतं. मधल्या काळात शाळेने जे काही केलं असेल, श्रेय त्याच्या पदरात पडतं: नवे टॅबलेट, ‘उजवा मेंदू जागा करणारी’ कार्यशाळा, नाहीतर प्रवेशद्वाराची बदललेली दिशा. टॅबलेटवाला निदान वॉरंटी तरी देतो.

मग शाळेमुळे काहीच फरक पडत नाही का? १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमनच्या अहवालाने अमेरिकेत जवळपास तसाच समज पसरवला. मुलांच्या गुणांतल्या फरकाचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त होता. प्रवेशालाच निवडक मुलं घेणाऱ्या शाळेचा निकाल चांगला लागला तर त्यात शाळेचं काय, हा प्रश्न तिथून पुढे टाळता येईना. मायकेल रटर यांच्या चमूने १९७९ मध्ये लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. येणारी मुलं कशी होती याचा हिशेब वजा केल्यावरही हजेरी, वर्तणूक आणि परीक्षेतलं यश यांत शाळाशाळांत फरक उरत होता. इमारत किती जुनी, जागा किती ऐसपैस, याच्याशी त्याचा संबंध लागेना. लागला तो गृहपाठ दिला आणि पाहिला जातो का, मुलांचं काम भिंतीवर लागतं का, शिक्षक अभ्यासक्रम मिळून आखतात का, मुलांकडे जबाबदाऱ्या असतात का, असल्या बारक्यासारक्या गोष्टींशी.

शिवाय बऱ्याचदा दोन शाळांमधल्या फरकापेक्षा एकाच शाळेतल्या दोन वर्गांमधला फरक मोठा निघतो. म्हणून सुधारणा शोधायची तर वर्गात शिरावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचं टेपवर ध्वनिमुद्रण केलं आणि शांतता मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत. तेवढ्यात हात वर आला नाही की स्वतःच उत्तर देत, प्रश्न फिरवत, नाहीतर दुसऱ्याला उठवत. एका सेकंदात पाठ केलेलं उत्तर बाहेर येऊ शकतं, जुळवलेलं वाक्य नाही. हीच शांतता तीन सेकंदांपर्यंत ताणली तेव्हा उत्तरं लांबली, ‘येत नाही’ म्हणणं कमी झालं, मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. खर्च शून्य, तरी जमायला कठीण, कारण वर्गासमोर उभं राहून गप्प बसलेले तीन सेकंद फार मोठे वाटतात. मनातल्या मनात मोजून पाहा.

त्याच टेपांमधून आणखी एक गोष्ट निघाली. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांच्या उत्तरासाठी शिक्षक जास्त वेळ थांबत होते, मागे पडलेल्यांसाठी कमी.