बेचिराख गाव की मिसळलेली वाडी? सातबारा शोधण्याआधी हे बघा

सोलापूर जिल्ह्यातलं जुनं खरेदीखत उघडलं, तर कधी कधी त्यात असं गाव निघतं ज्याची पाटी आज रस्त्यावर कुठेच नाही. 'ते शेजारच्या गावात गेलं' एवढंच लोक सांगतात. पण जाण्याच्या तऱ्हा दोन.

बेचिराख गावात माणूस राहत नाही, तरी महसुलाच्या दप्तरी ते गावच असतं. स्वतःची शीव, स्वतःचा नकाशा, आकारबंद (जमिनीचं क्षेत्र आणि आकार यांची नोंद) आणि 1 पासून सुरू होणारे गट नंबर. कसणारे शेजारच्या गावात राहतात, ग्रामपंचायतही बहुधा तिथलीच. जनगणनेच्या यादीतही ते वस्ती नसलेलं गाव म्हणून येतं. नकाशावर जुन्या पांढरीची, म्हणजे वस्तीची, जागा दिसते. शेतात गेलात तर पांढरी माती, खापरं, एखादा मारुती सापडतो.

वाडीचं नेमकं उलट. घरं, शाळा, देऊळ सगळं आहे, पण मौजे, म्हणजे महसुली गाव, म्हणून नाव नाही. जमीन मूळ गावाच्या गटांत, माणसं मूळ गावाच्या लोकसंख्येत. जमीन महसूल संहितेच्या कलम 4 खाली अधिसूचना निघून स्वतंत्र महसुली गाव झालेल्या वाड्या मात्र यात धरू नका.

घोळ होतो तो दस्तात. 'मौजे अमुकवाडी, गट नंबर 45' असं लिहिलं जातं. गट 45 मूळ गावातही असतो आणि बेचिराख गावातही. चुकीच्या मौजेवर फेरफार, म्हणजे नव्या मालकाची नोंद, मंजूर होत नाही. मग चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो, त्याला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. विकणारा वारला असेल तर सगळे वारस गोळा करा. म्हणून आधी महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर तालुका निवडून गावांची यादी बघा. नाव असेल तर सातबारा त्याच नावाने निघेल. नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या: वाडीला स्वतःची शीव नसते. खतात जुना सर्वे नंबर असेल तर जमीन एकत्रीकरणाचा 9(3), 9(4) उतारा मागा, त्यावरून आजचा गट कळतो.

वाडीतल्या घराचा नमुना 8 म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणी, मालकीचा पुरावा नव्हे. वाडी गावठाणाबाहेर असेल, तर घराखालची जमीन कोणत्या गटात आहे ते सातबाऱ्यावरच तपासा.

शहरात तिसराच प्रकार. 1992 च्या हद्दवाढीत मजरेवाडी, बाळे, शेळगी सोलापूर महापालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, सातबाऱ्यावरचं मौजे राहिलं.